काळीत पीक, पांढरीत घर

एप्रिलच्या अखेरीस सोलापूर, परभणी किंवा अकोल्याकडच्या भारी जमिनीत गेलात तर रान फाटलेले दिसते. भेगा कुठे दोन बोटे रुंद, कुठे अख्खा हात जाईल एवढ्या. त्यांत काठी सोडली तर मीटरभर सहज आत जाते. हेच रान ऑगस्टमध्ये पाहावे. भेगेचा मागमूस नसतो, माती फुगून वर आलेली असते आणि चालणाऱ्याच्या चपलेला किलो-दोन किलो चिखल लटकलेला असतो. उन्हाळ्यात आकसायचे आणि पावसाळ्यात फुगायचे, हा या मातीचा हजारो वर्षांचा नेम आहे. शेतकऱ्याला तो पाठ असतो. त्याच्याच शेताचे तुकडे पडून झालेला चार गुंठ्यांचा प्लॉट घेणाऱ्याला मात्र तो बहुधा माहीत नसतो. तो रस्ता पाहतो, पाणी पाहतो, सातबारा पाहतो. खाली काय आहे ते पाया खणायला घेतल्यावर कळते.

या मातीचा बाप म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुन्हा आला. आज उरलेला त्याचा पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्याच्यावर बसला आहे. पण खडक एकच असला म्हणून माती एकच होत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे खडकातला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन जातात, लोह मागे उरते आणि माती तांबडी होते. घाट उतरून फलटण-दहिवडीकडे गेले की पाऊस ५०० मिलिमीटरवर येतो. तेवढ्या पावसात चुना आणि मॅग्नेशियम जागेवरच राहतात, आणि त्यांच्या संगतीत एक विलक्षण चिकणमाती तयार होते. तीच आपली काळी.

एकाच गावातही ती सगळीकडे सारखी नसते. माळाच्या माथ्यावर वीतभर माती आणि खाली मुरूम, उतारावर हात-दोन हात मध्यम जमीन, ओढ्याकाठच्या सखलात पुरुषभर काळी. हजारो पावसाळ्यांनी बारीक कण वरून खाली नेऊन साठवले, त्याचा हा परिणाम. म्हणून शेजारच्या प्लॉटवर चार फुटांवर मुरूम लागला हे ऐकून आपल्याकडेही तेवढ्यावरच लागेल असे धरून चालणे धोक्याचे असते. उताराच्या दिशेने शंभर फूट सरकले तरी हिशेब बदलतो.

ही माती काळी का, याचे उत्तर पुष्कळजण ‘भरपूर सेंद्रिय द्रव्य’ असे देतात. ते चूक आहे. काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याहूनही कमी भरतो. जो थोडा असतो तो चिकणमातीच्या कणांना इतका घट्ट बिलगतो की सगळी माती काळी दिसते. रंगावर भुलून घरच्या बागेला खत न घालणारे लोक पुढे दोन वर्षांत निराश होतात, ते यामुळे.

खरी जादू चिकणमातीच्या खनिजात आहे. त्याचे नाव माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या एका गावावरून हे नाव पडले आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्याला कायमचे चिकटले. या खनिजाचा एकेक पापुद्रा साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग इतका पातळ असतो. असे कित्येक पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात, पण बांधणी सैल असते. पाणी आले की ते पानापानांच्या मधे शिरते आणि पाने एकमेकांपासून दूर सरतात. पाणी गेले की पुन्हा जवळ येतात. एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर सुमारे ८०० चौरस मीटर जागा भरते. म्हणजे चिमूटभर मातीत जवळजवळ आठ गुंठे पृष्ठभाग. पानांच्या मधे चुन्यातले कॅल्शियम असेल तर हे फुगणे आटोक्यात राहते. त्या जागी सोडियम बसले की पाने पार सुटी होतात, माती पाण्यात विरघळल्यासारखी पसरते आणि वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते. तिला शेतकरी चोपण म्हणतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. सांगली-कोल्हापूरकडे उसाला बेसुमार पाणी देऊन तो गेल्या काही दशकांत माणसांनी स्वतः ओढवून घेतला.

शेतीला मात्र हे फुगणे-आकसणे फार सोयीचे आहे. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांतून खाली पडते. पाऊस आला की खालची माती फुगते, तिला जागा पुरत नाही, मग ती बाजूने आणि वर सरकते. वर्षानुवर्षे असे होत राहिल्याने खालची माती वर आणि वरची खाली होते. काळी जमीन आपली आपणच नांगरते असे म्हणतात, त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. मीटर-दोन मीटर खोल खड्डा घेतला तर या घुसळणीची खूण डोळ्यांना दिसते: तिरकस, चकचकीत, घासून गुळगुळीत झालेले मातीचे पृष्ठभाग. मातीचे एक ढेकूळ दुसऱ्यावर दाबाखाली सरकल्याने त्यांना ती झिलई आलेली असते. मृदाशास्त्रज्ञ खड्ड्यात उतरल्यावर आधी हीच चकाकी शोधतात.

आणि पाणी धरून ठेवण्याची तिची ताकद! मंगळवेढ्याच्या शिवारात रब्बीची मालदांडी ज्वारी पाऊस संपता संपता पेरतात आणि पुढचे चार महिने ती बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर उभी राहते. या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मीटरभर काळी माती पिकाला घेता येईल असे दीड-दोनशे मिलिमीटर पाणी पोटात ठेवते. त्याची किंमत म्हणजे वाफसा. ओली असताना अवजार चालत नाही, वाळली की ढेकळे फुटत नाहीत. मधले थोडे दिवस काय ते कामाचे. वाफशाची वेळ चुकली की पेरणी चुकली.

जुन्या लोकांनी या गुणांची वाटणी चोख केली होती. गावाचे दोन भाग: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. वस्ती बहुधा उंचवट्यावर, हलक्या, निचऱ्याच्या जागी वसवलेली, आणि शेकडो वर्षे मातीच्या भिंती पडत, राख साचत, त्यावर पुन्हा भिंती उठत गेल्याने जमीन आणखी फिकट झालेली. नदीकाठी दिसणारी अशी पांढरीची टेकाडे पुरातत्त्वज्ञांना वस्तीचा पत्ता सांगतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातले शेतकरी तिथे राहत, सातू पिकवत आणि कालव्याचे पाणीही वळवत. भारी काळी जमीन पिकासाठी मोकळी सोडायची आणि घरे उंचवट्यावर बांधायची, ही समज आपल्याकडे किती जुनी असावी याचा त्यावरून अंदाज येतो. गेल्या चाळीस वर्षांत शहरे पांढरीतून बाहेर पडून थेट काळीत उतरली, तेव्हा ही समज कोणी सोबत घेतली नाही.

जमिनीची परीक्षा कागदावर उतरवण्याचा एक जुना पद्धतशीर प्रयत्नही आपल्याकडचाच. १८३५-३६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी महसुलाची नवी मोजणी सुरू केली. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्यांनी अर्थशास्त्रातल्या बारीक सूत्रांवर ठरवलेला सारा रयतेला झेपला नव्हता आणि गावे ओस पडू लागली होती. नव्या पद्धतीत शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते पाहत. रंग आणि पोत यांवरून तीन वर्ग, खोलीवरून त्यांच्या प्रती. पावणेदोन हात खोल, एकसारखी, बारीक पोताची काळी जमीन ती सोळा आण्यांची. दीड हात भरली तर चौदा, सव्वा हात तर बारा, एक हात तर दहा. पाव हातावर आली की साडेचार. मग दोष पाहायचे: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणे, ओढ्याच्या पाण्याने धूप होणे, उपळामुळे सतत ओल. प्रत्येक दोषाची नकाशावर ठरावीक खूण आणि दोषागणिक एक प्रत खाली. पुढे १८४७ च्या अहवालाने ही पद्धत पक्की झाली. सारा गोळा करण्यासाठी का होईना, पण जमीन घेण्याआधी काय काय तपासावे याची इतकी नेमकी यादी आजच्या एकाही प्लॉटच्या जाहिरातीत सापडणार नाही.

आता घराकडे वळू. फुगणारी काळी माती पायाला वर ढकलते. तो दाब दर चौरस मीटरला दहा-वीस टन सहज होतो, कधी जास्तही. मोठ्या इमारतीचे वजन त्याला पुरून उरते. बैठे घर, पडवी, ओटा, कुंपणाची भिंत यांचे उरत नाही. म्हणून हलके बांधकाम आधी तडकते. ही गोष्ट लोकांना उलटी वाटते. साधी एक खोली तर आहे, तिला कशाला खोल पाया, असे म्हणून केलेल्या कामालाच पहिली चीर जाते. शिवाय जमीन घराखाली सगळीकडे सारखी हालत नाही. कडेची माती ऊन-पाऊस खाते, मधली घराच्या सावलीत एकसारखी ओली राहते. कडा पावसाळ्यात वर येतात आणि उन्हाळ्यात खचतात. खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांनी पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली तिरकी चीर, जूनमध्ये अडकणारे आणि फेब्रुवारीत नीट लागणारे दार, या खुणा दिसल्या की गवंड्याला दोष देण्याआधी जमिनीकडे पाहावे. फुटलेला सांडपाण्याचा पाइप किंवा भिंतीला खेटून लावलेले मोठे झाड एकाच कोपऱ्यात पाण्याचा हिशेब बिघडवते, आणि तोच कोपरा फुटतो.

उपाय आहेत, आणि त्यांतले दोन उत्तम उपाय भारतीय संशोधनातून आलेले आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगा असलेले खांब प्रचारात आणले. जमिनीत साडेतीन मीटर किंवा अधिक खोल भोक पाडायचे आणि तळाशी खास अवजाराने ते अडीचपट रुंद कोरायचे. खांब तीस सेंटिमीटरचा असेल तर फुगा पंचाहत्तरचा. मग सळई घालून काँक्रीट भरायचे. तेवढ्या खोलवर ऋतूंचा फरक पोचत नाही. वरची माती फुगून खांब उचलू पाहते, पण खालचा फुगा तो उपटू देत नाही. खांबांवरच्या तुळईखाली मुद्दाम मोकळी फट सोडतात, मातीला फुगायचे तर तिथे फुगू दे म्हणून. ती फट कामगार अनेकदा राडारोड्याने प्रामाणिकपणे भरून टाकतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. मालकाने त्या दिवशी साइटवर हजर असावे.

दुसरा उपाय मुंबईच्या आय.आय.टी.मधले प्रा. आर. के. कट्टी यांचा. फुगण्याचा जोर वरच्या साधारण मीटरभर थरात असतो, त्याखाली माती गपगार राहते, हे त्यांनी पाहिले. तेव्हा वरची मीटरभर काळी काढून तिथे न फुगणारी पण चिकटपणा असलेली माती किंवा तसा मुरूम थराथराने ठोकून भरला तर खालची माती जवळपास स्थिर होते. नुसत्या वाळूने हे साधत नाही, आणि नेमके तेच अनेक ठिकाणी करतात. वाळूतून पाणी आरामात खाली उतरते. कालव्यांच्या अस्तराखाली कट्टींचा उपाय खूप वापरला गेला. छोट्या घरासाठी मात्र सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग अजूनही जुनाच आहे: काळी पूर्ण खणून कडक मुरमावर पाया घ्यायचा, जोत्यात काळीचा एक घमेलाही भराव म्हणून घालायचा नाही, आणि घराभोवती मीटरभर रुंद फरसबंदी करून पाणी लांब काढून द्यायचे.

मुरूम किती खोल आहे ते कसे कळणार? फुकटच्या खुणा आधी पाहाव्यात. जवळची विहीर, ओढ्याची दरड, रस्त्यासाठी कापलेली कड यांत थर उघडे दिसतात. शेजारची दहा वर्षांची घरे आणि कुंपणे न्याहाळावीत. कललेले खांब फार बोलके असतात. गावनकाशात ओढा किंवा विहीर दाखवलेली आहे आणि जागेवर सपाट मैदान आहे, तर तिथे भराव आहे हे उघड आहे. बुजवलेल्या खाणीवरचा प्लॉट स्वस्त मिळतो, पण त्यावरचा पाया स्वस्त होत नाही. सातबाऱ्यावर जिरायत, बागायत, पोटखराबा हे कळते, खोली कळत नाही. शक्य तर जागा दोनदा पाहावी, एकदा मेमध्ये भेगा मोजायला आणि एकदा दांडग्या पावसानंतर पाणी कुठे तुंबते ते पाहायला.

मग चाचणी खड्डा. जेसीबी अर्ध्या तासात तीन मीटर जातो. प्रत्येक थराचा मूठभर नमुना वेगळ्या पिशवीत घ्यावा. ओल्या मातीची बोटांखाली सुरळी करावी. तीन मिलिमीटर जाडीची होईपर्यंत तुटली नाही तर चिकणमाती भरपूर आहे. प्रयोगशाळेतली फुगण्याची चाचणी तर इतकी सोपी आहे की पाहताना गंमत वाटते. बारीक चाळलेली, वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती काचेच्या दोन उभ्या मापपात्रांत घालतात. एकात पाणी शंभर मिलिलिटरपर्यंत भरायचे, दुसऱ्यात रॉकेल. हवेचे बुडबुडे ढवळून काढायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. रॉकेल पापुद्र्यांच्या मधे शिरत नाही, म्हणून तिथली माती आहे तेवढीच राहते. पाण्यातली वर चढलेली असते. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ भरली तर फुगवटा ८० टक्के. भारतीय मानकाप्रमाणे ५० च्या वर गेले की सावध व्हायचे. दोन मजले किंवा अधिक बांधायचे असतील तर भोक पाडून ठोक्यांची चाचणी करून घ्यावी: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडत राहायचा आणि नळी शेवटचे ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. त्यावरून इंजिनिअर जमिनीची भारक्षमता, त्यांच्या भाषेत एसबीसी, काढतो. घराच्या खर्चात या अहवालाचा खर्च किरकोळ असतो आणि तोच सर्वांत आधी वगळला जातो.

बागेची परीक्षा निराळी. इथे काळी शत्रू नाही, पण तिचेही नखरे आहेत. बंगल्याभोवतीची जागा बहुधा काळी नसतेच. पायातून निघालेला मुरूम, विटांचे तुकडे, वाळलेले सिमेंट आणि वर दाखवण्यापुरती लाल मातीची चादर. फावडे मारून खात्री करावी. मग एक हात खोल खड्डा पाण्याने भरावा, जिरला की पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच असेल तर निचरा नाही, आणि तिथे डाळिंब किंवा लिंबू लावणे म्हणजे मुळे कुजवणे. सोलापूर-सांगोल्याकडचे शेतकरी डाळिंब हलक्या, मुरमाड जमिनीत लावतात ते काही चांगली जमीन नाही म्हणून नव्हे; भारी जमिनीत मर रोग लवकर येतो. संत्र्या-मोसंबीचे दुखणे वेगळे, त्यांना चुनखडी सोसत नाही. मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले आणि ती फसफसली की चुना आहे. खालच्या थरात मोकळा चुना दहा टक्क्यांच्या पुढे असेल तर झाडाला लोह मिळत नाही आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत जातात. म्हणून फळझाडासाठी वरच्या वीतभर मातीचा नमुना पुरत नाही, मीटरभर खड्ड्यातले थर वेगवेगळे तपासावे लागतात. हंगामी पिकाला मात्र ठिकठिकाणी व्ही आकाराचे वीतभर खड्डे घेऊन, माती मिसळून, अर्धा किलो नमुना पुरेसा. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडायची.

कोकणात यातले निम्मे लागू नाही. तिथल्या जांभ्यावर पाया चांगला बसतो आणि चिरे तर जागेवरच निघतात, पण पाणी झटकन निघून जाते, आंब्याच्या कलमासाठी कातळात खड्डा फोडून बाहेरची माती भरावी लागते. खाडीकाठची खार जमीन हा आणखी तिसराच विषय.

चाचणी खड्ड्याबाबत एक सूचना ठेकेदार सहसा देत नाहीत. तो खड्डा जिथे कॉलम येणार त्या जागी घेऊ नये, शेजारी घ्यावा. एकदा उकरलेली माती कितीही दाबली तरी पहिल्यासारखी घट्ट होत नाही, आणि काळी असेल तर त्या भुसभुशीत जागेत पहिल्याच पावसाचे पाणी उतरते. बुजवताना वीत-वीत थर देऊन मुरूम ठोकावा, आणि खड्ड्याची जागा घराच्या नकाशावर फुलीने नोंदवून ठेवावी.